लॉक डच घाटाचं, बंदूक मोरोक्कोची: चकमकीच्या जुन्या बंदुकांचं वय कसं ओळखावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या एका मराठी वाचकाने तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून एक लांबलचक बंदूक विकत घेतली. दस्ता पसरट आणि त्यावर पांढरं जडावकाम, नळीला पांढऱ्या धातूचे कोरीव पट्टे, बाजूला चकमकीचं लॉक, म्हणजे दगड पोलादावर आपटून दारू पेटवणारी यंत्रणा. विकणाऱ्याने 'सतराव्या शतकाच्या सुरुवातीची डच स्नॅफॉन्स' असं सांगितलं; स्नॅफॉन्स म्हणजे चकमकीच्या लॉकचा एक जुना प्रकार. यांनी घरी येऊन संग्रहालयातल्या डच बंदुकांच्या छायाचित्रांशी लॉक ताडून पाहिलं, तर यंत्रणा खरोखरच तीच. शिवाय स्नॅफॉन्स १६५०च्या सुमारास मागे पडली असं त्यांनी वाचलेलं. म्हणजे बंदूक त्याच्या आधीचीच असली पाहिजे, नाही का? आणि ती साफसूफ करून नाशिकच्या घरी भिंतीवर लावता येईल का? बंदुकीची छायाचित्रं आणि लांबी त्यांनी सोबत पाठवली आहे, आणि त्या काळी आपल्याकडे काय होतं तेही विचारलं आहे.

उत्तर आधी देऊन टाकतो. तुमची बंदूक मोरोक्कोची आहे, आणि बहुधा एकोणिसाव्या शतकातली. विकणारा खोटं बोलला असेलच असं नाही. लॉकचा आराखडा खरंच सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. फक्त आराखड्याचं वय आणि वस्तूचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चकमकीच्या बंदुकांमध्ये या दोहोंत दोन-अडीचशे वर्षांचं अंतर सहज पडतं. शस्त्रसंग्रहांच्या दुरुस्ती-जतनाचं काम मी आयुष्यभर केलं, त्यात चुकीची लेबलं सर्वांत जास्त याच कारणाने लागलेली पाहिली.

पण बाकी बोलण्याआधी एक काम करा, आणि ते करेपर्यंत घोडा, म्हणजे लॉकचा दगड धरणारा भाग, मागे ओढू नका. बंदूक भरलेली नाही ना, ते तपासा. हसू नका. घरांतून, वखारींतून निघालेल्या ठासणीच्या जुन्या बंदुकांमध्ये आत बार तसाच राहिलेली बंदूक अधूनमधून निघतेच. बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते. तपासायची रीत सोपी आहे. एक सरळ लाकडी काठी नळीत हलकेच सोडा, ठोकू नका, आणि नळीच्या तोंडासमोर उभे राहू नका. काठी टेकली की तोंडापाशी पेन्सिलने खूण करा, बाहेर काढा आणि नळीला बाहेरून समांतर धरा. काठीचं टोक कानाच्या, म्हणजे दारूला आग पोचवणाऱ्या बाजूच्या भोकाच्या, अगदी जवळ आलं तर नळी रिकामी. दोन-चार बोटं अलीकडेच अडलं तर आत काहीतरी आहे. ते दारू-गोळी असेल, चिंध्या असतील, नाहीतर गांधिलमाशीचं घर असेल. उकरत बसू नका. तिथल्या पोलिसांना किंवा परवानाधारक बंदूक-कारागिराला कळवा.

आता लॉककडे वळू. चकमकीत ठिणगी दगडाची उडते असा समज सार्वत्रिक आहे, तो आधी बाजूला ठेवा. दगड फक्त धार पुरवतो. पाणी दिलेल्या कडक पोलादावरून ती धार खरवडत गेली की पोलादाचे बारीक कण सुटतात, घर्षणाने तापतात आणि हवेत जळतात. ठिणगी म्हणजे जळणारं लोखंड. त्यामुळे ज्या पट्टीवर दगड आपटतो ती उत्तम पोलादाची आणि नीट पाणी दिलेली असावी लागते. साध्या मऊ लोखंडाची पट्टी असेल तर दगड कितीही चांगला असो, अंधारातसुद्धा ठिणगी दिसायची नाही. हे लक्षात ठेवा, पुढे खऱ्या-खोट्याच्या परीक्षेत कामाला येईल.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चाकाचं लॉक आलं. दातेरी चाक किल्लीने पिळायचं, चाप ओढला की ते गरकन फिरायचं आणि पायराइटच्या तुकड्यावर घासून ठिणग्या पाडायचं. घड्याळजीच्या हातचं काम, महाग आणि नाजूक. सरदार-उमरावांना परवडायचं, साध्या पायदळाला नाही. पायदळाच्या हाती तोड्याची बंदूक होती, म्हणजे पेटती वात रंजकात, नळीच्या भोकाशी ठेवलेल्या चिमूटभर दारूत, टेकवणारी. या दोहोंच्या मधली जागा शतकाच्या मध्यापासून चकमकीच्या लॉकने भरायला घेतली: चाकापेक्षा खूप स्वस्त, आणि पेटती वात सांभाळायची कटकट नाही.

त्यातला पहिला मोठा वंश म्हणजे स्नॅफॉन्स, तुमच्या बंदुकीवर आहे ते. तुमच्या तिसऱ्या छायाचित्रात सगळं दिसतंय, बरोबर ठेवून वाचा. घोड्याच्या जबड्यात दगड. समोर एका दांडीवर उभी केलेली पोलादी पट्टी. तिच्या खाली रंजकाचं पॅन, म्हणजे छोटी वाटी, आणि पॅनवर सरकतं झाकण. इथे थांबा आणि नीट पाहा: पट्टी आणि झाकण हे दोन वेगळे भाग आहेत. पट्टी वर उचलली तरी झाकण जागचं हलत नाही. चाप ओढल्यावर आतला अडसर आडवा सरकतो. त्याचं नाक लॉकप्लेटच्या भोकातून बाहेर आलेलं असतं आणि घोड्याच्या टाचेला धरून असतं. ते आत गेलं की टाच सुटते आणि घोडा झेपावतो. घोडा ज्या आसावर फिरतो त्यालाच आतून टंबलर नावाचा फिरणारा तुकडा जोडलेला असतो, आणि टंबलर एका छोट्या दांड्याने पॅनचं झाकण पुढे ढकलतो. म्हणजे दगड पट्टीवर पोचेपर्यंत पॅन उघडं झालेलं असतं. ठिणग्या रंजकात पडतात, रंजक भडकतं, कानातून आग आत जाते आणि बार उडतो. घोड्याला शेवटी थांबवायला लॉकप्लेटवर बाहेरून एक ठोकळा बसवलेला असतो, तोही तुमच्या छायाचित्रात आहे. पॅनच्या बाहेरच्या टोकाची गोल चकतीही पाहून घ्या. इंग्लिश आणि डच स्नॅफॉन्सची ती जुनी खूण, आणि मोरोक्कोच्या कारागिरांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही.

यात सुरक्षेचा एक फायदा आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बंदूक भरून, रंजक घालून, झाकण लावून पट्टी पुढे ढकलून ठेवली की घोडा सुटला तरी दगडाला घासायला काहीच नाही. या लॉकमध्ये घोडा अर्ध्यावर अडकवण्याची खाच सहसा नसते, तिची गरज अशी भागवलेली आहे. घोड्यावर बसून, खांद्याला बंदूक अडकवून दिवसभर हिंडणाऱ्या माणसाला ही सोय लहान नव्हती.

पुढे कारागिरांनी पट्टी आणि झाकण एकत्र करून काटकोनी आकाराचा एकच तुकडा केला. त्याला फ्रिझन म्हणतात. दगड त्याच्या उभ्या अंगावर आपटला की तो पुढे उलटतो, आणि आडवं अंग उचललं जाऊन पॅन आपोआप उघडं पडतं. दांडा नको, सरकतं झाकण नको. स्पेन, दक्षिण इटली आणि उस्मानी मुलखात चाललेल्या मिक्लेट लॉकमध्ये असंच एकसंध फ्रिझन आहे, पण त्याची दणकट मुख्य स्प्रिंग लॉकप्लेटच्या बाहेर असते, झाकलेली नाही. ती दिसली की दुसरं काही पाहायची गरज नाही. खरं फ्रेंच फ्लिंटलॉक यापुढचं. त्यात स्प्रिंग आत, अडसर वरखाली हलणारा, आणि तो टंबलरच्याच दोन खाचांत बसणारा, एक अर्ध्या टप्प्याची आणि एक पूर्ण ताणाची. याचं श्रेय नॉर्मंडीतल्या लिझ्यू गावच्या मारँ ल बूर्झ्वा या कारागिराला देतात, काळ १६१०च्या आसपासचा. चित्रकार, शिल्पी, घड्याळं आणि यंत्रं करणारा असा हा बहुगुणी माणूस फ्रेंच राजदरबारी कामाला होता. त्याच्या घराण्यातून तेराव्या लुईसाठी तयार झालेली, साधारण १६२०ची एक बंदूक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लाकडात चांदी आणि शिंपला जडवलेला. लुई स्वतः बंदुकांचा हौशी संग्राहक होता आणि त्याच्या संग्रहातल्या बंदुकांच्या लाकडावर यादीचा क्रमांक ठोकलेला असायचा. त्या आकड्यांमुळे आज चारशे वर्षांनीही त्यातल्या कितीतरी बंदुका ओळखता येतात. अशा बंदुकीत लॉक, लाकूड, सजावट सगळं एका वेळी, एका गिऱ्हाइकासाठी, एका कारखान्यात झालेलं असतं. तिथे एका भागावरून दुसऱ्याचं वय काढलं तर चालतं. तुमच्या बंदुकीत चालत नाही.

का चालत नाही, ते समजायला व्यापाराकडे पाहावं लागतं. सोळाव्या शतकाच्या शेवटी मोरोक्कोत सुलतान अहमद अल-मन्सूरचं राज्य होतं, १५७८ ते १६०३. इंग्लंडला तिथून साखर आणि त्याहून जास्त मोलाचं सोरामीठ हवं होतं, बंदुकीच्या दारूसाठी. या व्यापारासाठी लंडनमध्ये १५८५ साली बार्बरी कंपनीला सनद मिळाली. स्पेन हा दोघांचाही शत्रू, त्यामुळे शस्त्रं आणि जहाजांचं सामान उलट्या दिशेने जायला अडचण नव्हती. मग डच आले. १६१० साली त्यांनी मोरोक्कोच्या सुलतानाशी मैत्रीचा आणि व्यापाराचा करार केला. त्या काळात लंडन काय, ॲमस्टरडॅम काय, चांगली नवी बंदूक म्हणजे स्नॅफॉन्स. हाच घाट मोरोक्कोत उतरला आणि तिथल्या लोहारांनी उचलला. म्हणून तुमचं लॉक त्या डच लॉकशी जुळतं. दोन्ही एकाच घराण्यातली आहेत, फक्त पिढ्या वेगळ्या.

युरोपात पुढच्या पन्नास वर्षांत फ्रेंच लॉकने बाजी मारली. मोरोक्कोत मात्र स्नॅफॉन्स विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत बनत राहिली. याला मागासलेपण म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. हे लॉक गावच्या लोहाराला करता येत होतं आणि मोडलं तर दुरुस्तही होत होतं. एकोणिसाव्या शतकात टोप्यांची, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीवर चालणारी, बंदूक आली, ती जास्त भरवशाची होती हे खरं, पण तिच्या तांब्याच्या टोप्या परदेशातून येणार, आणि त्या मिळणं-न मिळणं दुसऱ्याच्या मर्जीवर. ॲटलसच्या डोंगरातल्या टोळीला असं परावलंबन कशाला परवडेल? दगड मात्र पायाखाली होता. आजही तिथे तबुरिदा चालते, घोडेस्वारांची रांग भरधाव येऊन एकाच क्षणी सगळ्यांनी बार काढायचा. २०२१ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या स्वारांच्या हाती दिसतात त्या लांब बंदुका तुमच्या बंदुकीच्याच गोत्रातल्या. त्यांना तिथे मुकहला म्हणतात.

जुनं लॉक नव्या बंदुकीवर दिसणं हा काही आफ्रिकेपुरता प्रकार नाही. उत्तर आणि मध्य इटलीत ब्रेशा, बार्जी, अंघियारी या गावांत स्नॅफॉन्स अठराव्या शतकातही जोरात चालू होती. ब्रेशाच्या वर गार्दोनेच्या खोऱ्यात नळ्या बनायच्या, आणि लाझारिनो कोमिनाझ्झो या नावाच्या नळ्यांना युरोपभर इतका मान की ते नाव बनावट नळ्यांवरही सर्रास कोरलं जायचं. तेव्हा नाव दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. बार्जीच्या माते‌ओ आक्वा फ्रेस्काने, १६५१ ते १७३८ हा त्याचा काळ, पोलादावर असं कोरीवकाम केलं आहे की पानाफुलांत दडलेले चेहरे भिंगाशिवाय सापडत नाहीत. त्याच्यासारख्यांच्या गिऱ्हाइकांना फ्रेंच लॉक माहीत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांना स्नॅफॉन्सच हवी होती. वेगवेगळ्या भागांचं हे लॉक कोरायला जास्त जागा देतं, आणि इटालियन कारागिराने ती एक बोटभरही सोडलेली नाही.

आता तुमच्या बंदुकीचा मोरोक्कोपणा कशावरून. लांबीवरून नाही. १६५ सेंटीमीटर लांबी तुम्ही लिहिली आहे, तेवढी लांबी जुन्या युरोपीय मस्केटलाही, म्हणजे लांब फौजी बंदुकीलाही, असायची. मी आधी नळी कशी बांधली आहे ते पाहतो. सतराव्या शतकातल्या डच बंदुकीत नळीच्या खालच्या बाजूला कड्या असतात आणि लाकडातून आडव्या खिळ्या जाऊन नळी धरून ठेवतात. बाहेरून पट्टे दिसत नाहीत. तुमच्या बंदुकीत नळी आणि लाकूड एकत्र बांधणारे पट्टे ओळीने आहेत, काही रुंद, काही अरुंद. ही मगरीबची, म्हणजे वायव्य आफ्रिकेची, रीत. दुसरं, दस्ता. शेवटाकडे पंख्यासारखा रुंद होत गेलेला, पण जाडीला चपटा, आणि टोकाला हाडाचा जाड थर. मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या सूस भागात या घाटाला अफदली म्हणतात. डच खांद्याला तो बसत नाही.

पट्टे चांदीचेच आहेत का, ते छायाचित्रावरून सांगता येणार नाही. सूस भागात चांदीचं काम प्रामुख्याने तिथल्या यहुदी सोनारांच्या हातात होतं आणि तिझनित गाव अजूनही चांदीसाठी ओळखलं जातं. जुन्या चांगल्या मुकहलांवर खरी चांदी असते. बाजारासाठी केलेल्यांवर जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदी नसलेला पण तसा दिसणारा मिश्रधातू, नाहीतर निकेलचा मुलामा. घासलेल्या जागा पाहा: मुलामा असेल तर कडांना खालचा पिवळा धातू डोकावेल. खऱ्या चांदीचा पत्रा पातळ असतो, कोपऱ्यांवर चुरगळतो आणि खाचांमध्ये करडा-काळा होतो. ॲसिडची परीक्षा कुणी सुचवली तर करू देऊ नका, डाग कायमचा राहतो.

पांढऱ्या जडावाकडे दहापटीच्या भिंगातून पाहा. बारीक काळपट ठिपके किंवा सुईच्या रेघांसारखे तुटक चरे दिसले तर ते हाड. रक्तवाहिन्यांच्या नलिका कापल्या गेल्यामुळे ते दिसतात. आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. काहीच दिसलं नाही, सगळं एकसारखं गुळगुळीत, तर प्लास्टिक, आणि मग बंदूक तुमच्या आजोबांपेक्षाही तरुण. तुमच्या चौथ्या छायाचित्रात डाव्या कोपऱ्यातल्या त्रिकोणी तुकड्यात मला ते चरे दिसताहेत, म्हणजे निदान तो तुकडा हाडाचा आहे. त्याच्या शेजारचे दोन तुकडे जरा जास्तच पांढरे आहेत. दुरुस्तीत बदललेले असावेत.

आता वापराच्या खुणा. ही बंदूक उडवण्यासाठी झाली की भिंतीसाठी, हे सजावट सांगत नाही. ठिणगी पाडणारी पट्टी सांगते. तिच्या तोंडावर वरून खाली जाणारे बारीक उभे ओरखडे हवेत, दगडाने खरवडलेले, मध्यभागी दाट आणि कडांना विरळ. कित्येकदा पट्टी इतकी झिजलेली असते की तिच्यावर नव्या पोलादाचा पातळ तुकडा पितळेने डाख देऊन बसवलेला असतो. ती पिवळी रेघ दिसली तर खूश व्हा, कारण शोभेच्या वस्तूची एवढी निगा कुणी राखत नाही. पॅनच्या तळाला आणि कानाभोवती जळक्या दारूने पडलेले खड्डे असतात, आणि कान स्वतः आगीने खाऊन मोठा झालेला असतो. पर्यटकांसाठी केलेल्या बंदुकीत कान नीट गोल, ड्रिलने पाडलेला, कधीकधी आरपार गेलेलाच नसतो. पट्टी मऊ लोखंडाची असते आणि दगड जबड्यात बसतो पण पट्टीला नीट लागत नाही. तुमच्या पहिल्या छायाचित्रात पॅन खड्ड्याखड्ड्यांचं आहे. हे चांगलं लक्षण.

पेचही बोलतात. हाताने पाडलेल्या आट्यांत अंतर किंचित कमीजास्त असतं, डोक्यावरची खाच अरुंद आणि बऱ्याचदा मधोमध नसते. एकसारख्या आट्यांचा यंत्राचा पेच दिसला तर तेवढा पेच नवा. त्यावरून सगळी बंदूक नवी ठरत नाही, पण बाकीच्या पेचांकडे संशयाने पाहायला हवं. एक उलटी फसवणूकही सांगून ठेवतो. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ फ्लिंटलॉक टोप्यांवर बदलून घेतली गेली, आणि आता गिऱ्हाइकाला चकमकच हवी म्हणून विक्रेते ती पुन्हा उलट बदलतात. लॉकप्लेटवर बुजवलेली भोकं आणि कानाजवळ वितळवून भरलेली जागा दिसली की समजावं. तुमच्या लॉकप्लेटवर तसं काही दिसत नाही.

आपल्याकडे काय होतं, असंही तुम्ही विचारलंय. आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. भारतात तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही घट्ट टिकून होती, आणि कारणं बरीचशी मोरोक्कोसारखीच: साधी, स्वस्त, गावात दुरुस्त होणारी. मालिकांमधून शिवकाळातल्या मावळ्यांच्या हातात चकमकीच्या बंदुका दिसतात तेव्हा चॅनेल बदलावंसं वाटतं. त्या काळचं मुख्य हत्यार तोड्याचंच. मराठी फौजेत चकमक मोठ्या प्रमाणावर आली ती महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंबरोबर, द बॉइन्य या त्यांच्या युरोपीय सेनानीच्या हाताखाली. आग्र्याच्या कारखान्यात सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतायचा आणि मस्केटही बनवून घ्यायचा. टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यातही फ्लिंटलॉक बनत होती, आणि वाघाच्या तोंडाचा घोडा ही त्यांची ओळख. श्रीलंकेची सिंहली बंदूक मात्र मला या सगळ्यांत सर्वांत गमतीची वाटते. पोर्तुगीजांकडून घेतलेला लॉकचा घाट, वेटोळ्यांचा कोरीव दस्ता, चांदी-हस्तिदंताचं जडावकाम, आणि लॉक चक्क डाव्या बाजूला. पहिल्यांदा पाहिली की छायाचित्र उलटं छापलंय असं वाटतं.

साफसफाईबद्दल थोडक्यात आणि कडकपणे. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर, तारेचा काथ्या, यातलं काहीही लावायचं नाही. नळीवरचा गडद तपकिरी थर हा घाण नसून लोखंडाची स्थिरावलेली कातडी आहे. ती घासून चकाकी आणली की बंदुकीचं वय आणि किंमत दोन्ही गेलं. हाडाला पाणी लावू नका, ते फुगतं आणि खालचा डिंक सुटतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. नारिंगी, भुसभुशीत ताजा गंज असेल तेवढ्यापुरतं हलकं यंत्राचं तेल कापसाच्या काडीने लावून, थोडा वेळ मुरू देऊन पुसून घ्या. मग लोखंडावर आणि चांदीवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. लाकडाला जवसाचं तेल चोपडायची आपल्याकडे फार हौस आहे. ते चिकट होतं, काळं पडतं आणि धूळ धरून ठेवतं, म्हणून नको. भिंतीवर लावायचीच असेल तर बाहेरच्या भिंतीवर नको आणि उन्हात नको. लोखंडाला कोरडी हवा आवडते, लाकूड आणि हाड फार कोरड्या हवेत तडकतात. दोघांना चालेल अशी आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के. नाशिकच्या पावसाळ्यात हा आकडा आपोआप मिळणार नाही.

आणि घोडा ओढून सोडून पाहण्याचा मोह टाळा. जुनी स्प्रिंग आतून तडकलेली असू शकते. ती मोडली की तशीच दुसरी करणारा माणूस शोधणं बंदूक शोधण्यापेक्षा अवघड जातं.

आता नाशिक. भारतीय शस्त्र कायदा १९५९च्या कलम ४५मध्ये पुरातन किंवा कालबाह्य शस्त्रांना सवलत आहे, पण ती सरसकट नाही. शस्त्र दुरुस्त करूनसुद्धा वापरता येणार नाही अशा स्थितीत असावं लागतं. तुमची बंदूक, दगड बदलला आणि कान साफ केला तर, बहुधा उडेल. त्यामुळे 'जुनी आहे, चालतं' या भरवशावर ती सामानात टाकून विमानतळावर उतरू नका. तिथे तुमच्यासमोर मुकहला ओळखणारा अधिकारी असण्याची शक्यता कमी, आणि शस्त्र कायदा ओळखणारा असण्याची पुरेपूर. आणायचीच असेल तर आधी नाशिकच्या शस्त्र परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या आणि सीमाशुल्क विभागाकडे विचारा. जडावात हस्तिदंत निघालं तर हा विषय तिथेच संपला. बंदूक निकामी करण्यासाठी नळीला भोक पाडा, कान बुजवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. त्यापेक्षा ती तिकडेच राहू द्या.

वय आणखी नेमकं हवं असेल तर लॉक काढून आतली बाजू दाखवा. घोडा खाली सोडलेलाच राहू द्या. पलीकडच्या बाजूचे पेच खाचेत घट्ट बसेल अशाच पेचकसाने सैल करा आणि लॉक स्वतःहून सुटलं तरच बाहेर घ्या. पाचर घालून उचकटलं तर लाकडाची कड तुटेल. आतल्या स्प्रिंगचा, अडसराच्या नाकाचा आणि प्लेटवर अरबी अक्षरांचा ठसा असेल तर त्याचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो पाठवा.